बाल्कनी चिरली म्हणून वाचलेलं थेटर: पोर्टलंडचं हॉलिवूड आणि तिथला हॉरर फेस्टिवल

ऑक्टोबर लागला की अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला अंधार लवकर पडतो, पावसाची भुरभुर सुरू होते, आणि मी शुक्रवारी ऑफिस संपलं की बीव्हर्टन या उपनगरातून मॅक्स ट्रेनची ब्लू लाइन पकडते, नदी ओलांडून पूर्वेला जाते आणि हॉलिवूड नावाच्या स्टेशनला उतरते. हे कॅलिफोर्नियातलं हॉलिवूड नव्हे. इथल्या या वस्तीला हॉलिवूड हे नाव पडलं ते थेटरमुळे, म्हणजे आधी थेटर आलं, त्याचं नाव हॉलिवूड होतं आणि मग अख्खा एरियाच त्या नावाने ओळखला जायला लागला, आपल्याकडे बस स्टॉपला टॉकीजचं नाव पडतं तसंच. सँडी बुलेवार्ड हा तिरका रस्ता आहे, त्याच्यावर हे थेटर उभं आहे, दर्शनी भागावर टेराकोटाची इतकी नक्षी की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे एखादं देऊळ किंवा जुना राजवाडा असेल, आणि त्याच्या खाली फुटपाथवर लाईन लागलेली असते. कोणाच्या हनुवटीला लोकरीचे विणलेले ऑक्टोपसचे पाय लटकतायत, कोणी 1920 च्या काळातली हॅट घातलीये, कोणी नुसतंच काळं जॅकेट. एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथालेखकाच्या नावाने भरणाऱ्या फिल्म फेस्टिवलची ही लाईन.

हे प्रकरण मला नीट लिहून काढायचंय त्याला कारण आहे. माझ्या तालुक्याच्या गावात एकच टॉकीज होतं, पत्र्याचं छप्पर, खाली बाकडी, वर बाल्कनी, आणि ते माझ्या कॉलेजच्या वर्षांत बंद पडलं, आता तिथे खताचं गोडाऊन आहे. गावात कोणालाही विचारलं की टॉकीज का बंद पडलं तर उत्तर ठरलेलं, "लोक येत नव्हते." मला हे उत्तर कधीच पटलं नाही. लोक येत होते, पण सहाशे येत नव्हते, साठ येत होते, आणि सहाशेच्या जागेत साठ लोक बसवून लाईटबिल भरता येत नाही. पोर्टलंडच्या या थेटराचा प्रश्न हाच होता, फक्त आकडा मोठा, तिथे पंधराशे सीट होत्या.

थेटर उघडलं 17 जुलै 1926 ला. मूकपट आणि व्हॉडव्हिल दोन्ही होईल अशी ती इमारत बांधली, व्हॉडव्हिल म्हणजे गाणी, नकला, कसरती, जादू असा मिक्स कार्यक्रम, आपल्या जुन्या सर्कस-तमाशाच्या मधलं काहीतरी. त्यामुळे पडद्यामागे खरा रंगमंच, समोर वाद्यवृंदाची जागा, आणि वर भलीमोठी बाल्कनी. पुढच्या दोन-तीन वर्षांत बोलपट आले आणि व्हॉडव्हिल संपलं, म्हणजे ज्या धंद्यासाठी इमारत बांधली त्यातला अर्धा धंदा इमारतीचा रंग वाळायच्या आतच गेला. तरी तीसचं आणि चाळीसचं दशक निघालं, कारण तेव्हा अमेरिकेत लोक आठवड्याला सिनेमा बघायचे. मग टीव्ही आला. 1961 मध्ये थेटराने सिनेरामा बसवला, त्यात तीन प्रोजेक्टर एकाच वेळी चालवून एका प्रचंड वक्र पडद्यावर एकच चित्र जोडायचे, टीव्हीला हरवायचं तर टीव्हीत मावणार नाही असं काहीतरी दाखवायचं हा त्यामागचा विचार. तो विचार चुकीचा नव्हता, पण महाग होता, आणि त्या पद्धतीने काढलेले सिनेमेच मोजके.

आणि मग 1975 मध्ये बाल्कनी चिरली.

चिरली म्हणजे मध्ये भिंत घालून तिचे दोन छोटे हॉल केले, खालचा मोठा हॉल वेगळा, असे एका थेटरचे तीन पडदे झाले. त्या काळात अमेरिकेत सगळीकडे हेच चाललं होतं. मल्टिप्लेक्स आले होते, एका पडद्याच्या मालकाला एक सिनेमा पडला की आठवडा गेला, तीन पडदे असतील तर एक पडला तरी दोन चालतात. वास्तूवर प्रेम करणारी माणसं या चिरण्याला आजही हळहळतात आणि त्यांची हळहळ मला कळते. बाल्कनीतून खालचा पूर्ण हॉल, छताची गोलाई, पडद्याची भव्यता एका नजरेत बघणं ही जी मजा होती ती कायमची गेली. 1983 मध्ये इमारतीचं नाव ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेलं, तेव्हा ती अशी चिरलेलीच होती.

माझं म्हणणं असं आहे की या थेटरला आज जे आयुष्य आहे ते त्या भिंतीमुळे आहे, आणि हे सगळ्यात स्पष्ट कुठे दिसत असेल तर या हॉरर फेस्टिवलच्या तीन दिवसांत दिसतं. पण त्यासाठी आधी फेस्टिवल काय आहे ते सांगावं लागेल.

1995 मध्ये अँड्र्यू मिग्लिओरे नावाच्या माणसाने हा फेस्टिवल पोर्टलंडमध्ये सुरू केला. त्याचा हेतू साधा होता, लव्हक्राफ्टला भयकथेचा मोठा लेखक म्हणून मान मिळावा आणि त्याच्या कथांवर प्रामाणिकपणे सिनेमे व्हावेत. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट 1890 मध्ये ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्सला जन्मला आणि 1937 मध्ये तिथेच गेला, गरिबीत गेला, जिवंतपणी त्याच्या कथा स्वस्त कागदावरच्या मासिकांत छापून आल्या आणि नंतर जग त्याच्या मागे लागलं. त्याची भीती भुताखेताची नाहीच. विश्व प्रचंड आहे, त्यात आपल्यापेक्षा जुन्या आणि मोठ्या गोष्टी आहेत, त्यांना आपलं काहीही पडलेलं नाही, ही त्याची भीती. आणि त्याची सगळ्यात गाजलेली कथा, ज्यात समुद्राच्या तळाशी झोपलेला, ऑक्टोपससारख्या तोंडाचा राक्षस क्थुल्हू येतो, ती त्याने लिहिली 1926 च्या उन्हाळ्यात. म्हणजे इकडे पश्चिम किनाऱ्यावर हे थेटर नुकतंच उघडलेलं आणि तिकडे पूर्व किनाऱ्यावर तो ती कथा लिहीत बसलेला. वीअर्ड टेल्स मासिकाने ती आधी परत पाठवली, नंतर घेतली आणि फेब्रुवारी 1928 च्या अंकात छापली, मानधन 165 डॉलर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, की शंभर वर्षांपूर्वी एकाच उन्हाळ्यात तयार झालेल्या दोन गोष्टी आज एका छताखाली भेटतात.

आता याच्या सिनेमांचं एक विशेष गणित आहे, जे समजल्याशिवाय फेस्टिवल समजत नाही. मोठ्या स्टुडिओंना लव्हक्राफ्ट परवडत नाही. गिलेर्मो देल तोरोसारखा दिग्दर्शक अंटार्क्टिकावरच्या कथेचा सिनेमा करायला वर्षानुवर्षं धडपडत होता, 2011 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने तो थांबवला, कारण बजेट 15 कोटी डॉलरच्या घरात जात होतं आणि सिनेमा फक्त मोठ्यांसाठीच्या रेटिंगचा होणार होता. उलट ज्यांच्याकडे पैसेच नाहीत त्यांना तो परवडतो. त्याचं लिखाण व्यवहारात सगळे मोकळंच धरतात, हक्कांवरून वाद अधूनमधून झाले, पण विद्यार्थ्याला कथा घ्यायची तर कोणाकडे परवानगी आणि पैसे घेऊन जावं लागत नाही. शिवाय त्याच्या कथांत ते भयानक जे काही असतं ते शेवटपर्यंत धड दिसत नाही, दिसलं तर बघणारा वेडा होतो, वर्णन अर्धवट राहतं. बिनपैशाच्या दिग्दर्शकाला यापेक्षा सोयीचं काय! दार दाखवा, दाराखालचा प्रकाश दाखवा, आवाज द्या, नटाचा चेहरा दाखवा. त्यामुळे जगभरातून दरवर्षी लव्हक्राफ्टच्या धाटणीचे शॉर्ट फिल्म तयार होतात आणि त्यांना जागा नसते.

जागा नसते हे शब्दशः. 2005 मध्ये लॉस एंजलिसच्या लव्हक्राफ्टप्रेमींच्या एका मंडळाने त्या क्थुल्हूच्या कथेवर सिनेमा काढला, दिग्दर्शक अँड्र्यू लीमन, आणि तो त्यांनी मुद्दाम मूकपट काढला, काळापांढरा, 1920 च्या दशकात काढला असता तर कसा दिसला असता तसा, पाट्यांसकट. अप्रतिम काम आहे, कमी पैशात केलेलं. लांबी 47 मिनिटं. आता 47 मिनिटांचा मूकपट कुठलं नेहमीचं थेटर लावेल? शॉर्ट म्हणावा तर मोठा, फीचर म्हणावा तर छोटा. तीच गोष्ट 8 मिनिटांच्या, 14 मिनिटांच्या, 22 मिनिटांच्या फिल्मची. हे सगळं ब्लॉक करूनच दाखवावं लागतं, सहा-सात फिल्म एकत्र बांधून साधारण दीड-पावणेदोन तासांचा एक शो, आणि असे पाच-सहा ब्लॉक, मधे फीचर, मधे जुन्या सिनेमांचे खेळ, मधे लेखक-दिग्दर्शकांच्या गप्पा. सगळं शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र या वेळात.

इथे ती भिंत कामाला येते.

खालचा हॉल आज चारशेच्या आत सीटचा आहे, वरचे दोन त्याहून बरेच लहान. फीचर आणि मोठे पाहुणे खाली. शॉर्ट्सचे ब्लॉक वर. पंधराशे सीटच्या एका हॉलमध्ये नवख्या माणसाची 8 मिनिटांची फिल्म लागली आणि समोर शंभर प्रेक्षक बसले तर हॉल रिकामा वाटतो, दिग्दर्शक खचतो, हसू-किंकाळी हवेत विरून जाते. तेच शंभर लोक वरच्या चिरलेल्या बाल्कनीत बसले की हॉल गच्च, आणि भयपटाला गच्च हॉल लागतो, भीती ही शेजारच्याच्या श्वासातून लागण होणारी गोष्ट आहे. आणि तीन पडदे असल्यामुळे बहुतेक ब्लॉक वीकेंडमध्ये दोनदा लावता येतात, शनिवारी सकाळी चुकला तर रविवारी बघ. एका पडद्यावर हे होणारच नाही, तीन दिवसांत तासच तेवढे नसतात.

मी पहिल्या वर्षी गेले तेव्हा मला वाटलं होतं की मुख्य गंमत पडद्यावर असणार. ती लॉबीत निघाली. तीनही हॉलचे लोक एकाच दारातून आत येतात, एकाच जिन्याने वर जातात, पॉपकॉर्न आणि बियरची एकच लाईन, त्यामुळे खालच्या फीचरमधून बाहेर पडलेला माणूस आणि वरच्या ब्लॉकसाठी थांबलेला माणूस एकमेकांना धडकतातच. पुस्तकं, पोस्टर, टीशर्ट विकणारे टेबलं मांडून बसतात. आत्ताच ज्याची फिल्म बघून बाहेर आलो तो पोरगा त्याच लाईनमध्ये पॉपकॉर्नसाठी उभा असतो आणि तुम्ही त्याला सांगू शकता की तुझा शेवटचा शॉट मला आवडला पण मधला आवाज फार मोठा होता. मल्टिप्लेक्समध्ये हे सहसा होत नाही, बऱ्याच ठिकाणी रचनाच अशी असते की एका स्क्रीनचा प्रेक्षक दुसऱ्याला भेटू नये, आत एका कॉरिडॉरने, बाहेर दुसऱ्याने. जुन्या थेटरची लॉबी मात्र पंधराशे लोकांसाठी बांधलेली होती. हॉल छोटे झाले, लॉबीचा मोठेपणा तसाच राहिला. हे कोणी ठरवून केलं नव्हतं, आपोआप झालं, पण फेस्टिवलला हवी असते ती हीच मापं.

प्रोजेक्शनची बाजू लोकांना दिसत नाही म्हणून थोडं सांगते. एका ब्लॉकमधल्या सात फिल्म सात ठिकाणहून आलेल्या असतात, एकीचा आकार रुंद, एकीचा जवळजवळ चौकोनी, युरोपातून आलेली सेकंदाला 25 फ्रेमची, अमेरिकेतली 24 ची, एकीचा आवाज घरच्या कॉम्प्युटरवर बसवलेला असल्यामुळे पुटपुटल्यासारखा, पुढचीचा कान फोडणारा. प्रेक्षकाला हे जाणवता कामा नये, म्हणून सगळ्या फाइल आधीच आत घेऊन, तपासून, क्रम लावून ठेवाव्या लागतात आणि बूथमध्ये जाणता माणूस लागतो. या थेटरने डिजिटल घेतलं तरी रिळांवर चालणारे 35 मिमीचे प्रोजेक्टर टाकून दिले नाहीत, 70 मिमीसुद्धा चालवतात, म्हणजे बूथमध्ये काम जाणणारी माणसं टिकली. जिथे एक बटण दाबून दिवसभराचे शो सुरू होतात तिथे असा फेस्टिवल नेला तर पहिल्याच ब्लॉकला गोंधळ होईल, आणि तो मी दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या एका फेस्टिवलला प्रत्यक्ष बघितलाय, वीस मिनिटं काळा पडदा आणि दिग्दर्शिका रडवेली.

पण भिंत आणि लॉबी आणि बूथ हे सगळं असूनही थेटर गेलं असतं, जर मालकी बदलली नसती. 1997 मध्ये ओरेगन फिल्म अँड व्हिडिओ फाउंडेशन या ना-नफा संस्थेने ही इमारत विकत घेतली. त्या वेळी ती चांगलीच खंगलेली होती. नवा सिनेमा लावणाऱ्या थेटरचं उत्पन्न कसं चालतं बघा, तिकिटातला मोठा वाटा, सुरुवातीच्या आठवड्यांत अर्ध्याहून जास्त, वितरकाकडे जातो, थेटरला मिळतं ते पॉपकॉर्नवर. ना-नफा झाल्यावर तीन दारं उघडली, सभासद वर्गणी, देणग्या आणि ग्रँट, आणि तिसरं म्हणजे स्वतःचे कार्यक्रम, जिथे काय लावायचं ते वितरक ठरवत नाही. जुने कुंग फू सिनेमे, विसरले गेलेले बी ग्रेड, क्वीअर हॉररची नियमित मालिका, मूकपटाला लाइव्ह संगीत. शंभर माणसांना जीव लावणाऱ्या अशा पन्नास गोष्टी. रस्त्यावरची मोठी दर्शनी पाटी, मार्की, 2013 मध्ये लोकवर्गणीतून नवीन केली. 2017 मध्ये पोर्टलंडचं प्रसिद्ध व्हिडिओ दुकान मूव्ही मॅडनेस बंद होणार होतं, 80,000 हून जास्त सिनेमांचा साठा, तर थेटरने लोकांकडून अडीच लाख डॉलर गोळा करून ते दुकानच घेतलं. त्याच वर्षी विमानतळावर 17 सीटचं चिमुकलं थेटर काढलं. म्हणजे संस्थेची रीत तीच, छोटं ठेवा, पण बंद पडू देऊ नका.

फेस्टिवलसुद्धा याच रीतीचा. मिग्लिओरे 2010 पर्यंत चालवून बाजूला झाले, पुढे ग्वेन आणि ब्रायन कॅलहन या जोडप्याने तो हातात घेतला. दरवर्षी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर आगाऊ पैसे गोळा करतात, म्हणजे पास, पोस्टर, टीशर्ट आधीच विकून टाकायचे आणि त्या पैशातून खर्च भागवायचा. मला ही पद्धत आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीसारखी वाटते, एक फरक सोडला तर, इथे वर्गणी कमी पडली तर कोणाचेच पैसे कापले जात नाहीत आणि सगळ्यांना ते आकडे उघड दिसतात. याच जोडप्याने पुढे पोर्टलंड हॉरर फिल्म फेस्टिवल नावाचा दुसराही उपक्रम सुरू केला, तो फक्त लव्हक्राफ्टपुरता नाही, सगळ्या स्वतंत्र भयपटांना खुला.

तुलना करायला दुसरं थेटर आहे. 2010 पासून हाच फेस्टिवल कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसच्या सॅन पेड्रो भागातल्या वॉर्नर ग्रँडमध्येही भरू लागला. ते 1931 चं, आर्ट डेको शैलीतलं, साधारण पंधराशे सीटचंच, आणि ते कधी चिरलं गेलं नाही, लॉस एंजलिस शहराने 1996 मध्ये ते विकत घेऊन जपलं. आत पाऊल टाकलं की मान वर होते ती खाली येत नाही, इतकं ते छत सुंदर आहे. पण फेस्टिवल म्हणून बघितलं तर एकच पडदा, सगळ्यांनी सगळं एकत्र बघायचं, न आवडलेल्या ब्लॉकमधून उठून दुसरीकडे जायची सोय नाही. त्याचाही फायदा आहे, सगळे एकच गोष्ट बघून बाहेर येतात, चर्चा एकच होते. तरी मला निवडायला सांगितलं तर मी पोर्टलंड निवडेन, कारण तिथे कमी नावाजलेल्या फिल्मलाही भरलेला हॉल मिळतो.

आता एक गोष्ट जी सांगितल्याशिवाय हे प्रकरण अपुरं राहील. लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता. थोडाफार नाही, चांगलाच, त्याच्या पत्रांत आहे आणि कथांतही आहे. 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला राहत असताना त्याने रेड हुक वस्तीवर जी कथा लिहिली ती वाचा, बंदरावर उतरलेले परदेशी लोक, त्यांच्या भाषा, त्यांचे रंग, यांचीच त्याला किळस आणि भीती वाटतेय. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं, कारण त्याच्या डोळ्यांनी बघितलं तर ट्रेनमधून उतरणारी, फोनवर आईशी मराठीत बोलणारी मी त्या गर्दीतलीच एक. 2011 मध्ये वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालेली लेखिका नेडी ओकोराफोर हिने हाच प्रश्न उघडपणे लिहिला होता, की माझ्या घरात या माणसाच्या चेहऱ्याचा पुतळा बक्षीस म्हणून का ठेवायचा, आणि 2015 मध्ये त्या पुरस्काराने तो पुतळा बंद केला. मग मी त्या लाईनमध्ये का उभी राहते? मी स्वतःला दिलेलं उत्तर असं, की कथा आता त्याच्या राहिलेल्या नाहीत. ज्यांना तो घाबरायचा त्याच लोकांच्या हातात त्या गेल्यात, बायका, काळे दिग्दर्शक, लॅटिन अमेरिकेतली पोरं, आशियातली पोरं त्याच्या भीतीला उलटी करून सिनेमे काढतात, आणि माझ्या मते ते सिनेमे जास्त भयानक असतात, कारण त्यांना माहितीये की तुमच्याकडे लक्षच न देणाऱ्या मोठ्या शक्तीसमोर उभं राहणं म्हणजे काय.

आणि आपला मराठीचा धागा तर यात सरळ आहे, लोकांना माहीत नसतो एवढंच. 2018 चा तुंबाड आठवतोय ना, त्यातला हस्तर? राही अनिल बर्वेला त्या सिनेमाचं बीज नारायण धारपांच्या कथेतून मिळालं. धारपांची ती आजीची कथा अमेरिकेच्या मेन राज्यातल्या स्टीफन किंगने लिहिलेल्या आजीच्याच कथेवर बेतलेली, आणि किंगच्या कथेतली म्हातारी जी नावं पुकारते त्यात हस्तुर आहे, जे लव्हक्राफ्टच्या विश्वात येतं, त्यानेही ते आधीच्या लेखकांकडून उचललेलं. म्हणजे प्रॉव्हिडन्स, मेन, पुणे आणि कोकण अशी एकच दोरी आहे. मी लॉबीत एका म्हाताऱ्या बुक-सेलरला हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडून धारपांचं नाव कागदावर लिहून घेतलं, इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंग दोनदा विचारून.

2020 ला कोविडमध्ये थेटर बंद झालं आणि फेस्टिवल ऑनलाइन गेला. मी घरी सोफ्यावर बसून बघितला, फिल्म त्याच दर्जाच्या होत्या, आणि तरी सोमवारी सकाळी मला एकही नीट आठवत नव्हती. थेटरमध्ये बघितलेल्या मात्र कुठल्या सीटवर बसून बघितल्या तेही आठवतं. पण दूरच्या लोकांना ऑनलाइनचा फायदा झाला हे मान्य करायला हवं, पुण्यातून माझ्या मावसभावाने बघायचं म्हटलं तर दुसरा मार्ग कुठला होता.

आपल्याकडे हे जमेल का, असं तो मावसभाऊच विचारत होता, त्याचा शॉर्ट फिल्म करणाऱ्यांचा ग्रुप आहे. मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. सेन्सॉर सर्टिफिकेट नसलेल्या फिल्म फेस्टिवलमध्ये दाखवायच्या तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट मागावी लागते आणि ती साधारणपणे नोंदणी केलेल्या डेलिगेट्सपुरती असते, खुल्या तिकीटविक्रीसाठी नाही, म्हणजे पास पद्धतच बरी. एकपडदा टॉकीज भाड्याने घ्यायचं तर अख्खं नको, बाल्कनी मागा. खरंच, बऱ्याच बंद पडत चाललेल्या टॉकीजची बाल्कनी ही दीड-दोनशे सीटची असते, तिला वेगळा जिना असतो, खाली नेहमीचा शो चालू असला तरी मालकाशी बोलून सकाळचा वेळ मिळू शकतो. आणि मालकाला भिंत घालायची असेल तर त्याला अडवू नका, वास्तू बिघडेल म्हणून, आधी ती उभी राहू दे.

कथांचा प्रश्न मात्र अवघड आहे. लव्हक्राफ्ट 1937 ला गेला, भारतात त्याचे हक्क केव्हाच संपले. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढची 60 वर्षं हक्क राहतात, धारप गेले 2008 मध्ये, म्हणजे 2068 संपेपर्यंत त्यांची कुठलीही कथा मोकळी नाही. पोरांना आज धारपांवर 10 मिनिटांची फिल्म करायची तर रीतसर परवानगी हवी आणि ती कोणाकडे मागायची, किती पैसे, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून ते चोरून करतात नाहीतर करतच नाहीत. स्टीफन किंग विद्यार्थ्यांना निवडक लघुकथा एका डॉलरला द्यायचा, सिनेमा धंद्यासाठी दाखवायचा नाही आणि एक कॉपी त्याला पाठवायची एवढ्या अटीवर, कित्येक वर्षं चालली ती योजना, 2023 संपताना बंद झाली. मराठी भयकथांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी एक रुपयाला अशा पाच कथा जरी दिल्या, तर मावसभाऊ म्हणतो की पहिल्या पावसाळ्यापर्यंत बाल्कनीभर फिल्म तयार होतील. मी त्याला म्हटलं, सबटायटल मी करून देते, फुकट, आणि अर्जही मीच भरते, पोर्टलंडला.